मास्तरांना शेवट आधी हवा होता

आमच्या गल्लीच्या तोंडाशी शिलाईचं दुकान होतं. त्यातले मास्तर चाळीस वर्षं एकाच खुर्चीवर बसले. माणूस मोजकं बोलणारा. "ताठ उभ्या राहा", "घालून बघा", एवढ्यात काम आटपायचं. माझं कमरेचं माप दर वर्षी वाढायचं, पण तो आकडा त्यांनी कधी मोठ्याने उच्चारला नाही. तेवढ्यावरूनच मी त्यांना सज्जन ठरवलं होतं.

मग त्यांची बायको गेली आणि पाठोपाठ मास्तरांनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी मान हलवली. त्यांची सून मला म्हणाली, "काकू, तुम्ही देवाचं वाचता. बाबांपाशी जरा बसत जा ना."

मला तेवढंच हवं होतं! दर मंगळवारी दुपारी जाऊन मी प्रभू येशूची गोष्ट सांगू लागले. आदल्या दिवशी वहीत मुद्दे काढायचे. पहिला मंगळवार जन्मात गेला, दुसरा चमत्कारांत. तिसऱ्याला वधस्तंभापाशी पोचले आणि तिथेच मुक्काम ठोकला. खिळे, काटे, आईचा आक्रोश. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं, सुनेने नाक पुसलं आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्याची तशी टंचाई नव्हतीच. 'चर्चच्या पाळकसाहेबांना जमत नाही ते मला जमलं,' असं त्या दिवशी वहीत लिहिलंय. आता वाचवत नाही. चौथ्या मंगळवारीही मी पुन्हा खिळेच ठोकले.

"वहिनी, पुढे?" मास्तरांनी विचारलं.

"पुढचं पुढल्या मंगळवारी. त्याची तयारी नीट करायला हवी."

"गेला, एवढंच असेल तर आमची हीसुद्धा गेली. तीही काही कमी सोसून नाही गेली."

"धीर धरा," मी म्हणाले. धीर धरा! कुणाला, तर ज्याचे दिवस डॉक्टरांनी बोटांवर मोजले होते त्याला.

रविवारी दुपारी सून दारात. "काकू, बाबांना धाप लागलीय. सारखं विचारतायत, वहिनी शेवट सांगायला येणार ना?"

 त्या माणसाला थडग्याच्या दारात बसवून मी घरी सुबक अक्षरात मुद्दे काढत होते. वही न घेता, नवऱ्याच्या चपला पायात अडकवून धावले.

खोलीत शिरले आणि पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना.

"मास्तर, तो उठला."

"कोण?"

"प्रभू. तिसऱ्या दिवशी. बायका कबरीपाशी गेल्या, तर ती रिकामी! नंतर भेटला सगळ्यांना, बोलला, जेवलासुद्धा."

"भूत असेल."

"भूत जेवतं का? खिळ्यांचे वण दाखवले त्याने."

मास्तरांनी भिंतीवरच्या बायकोच्या फोटोकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "आणि आमची ही?"

"तिचं मी ठरवणारी कोण? पण मरण हरलंय, मास्तर. तुम्ही त्याचा हात धरा. तिचं त्यालाच विचारा."

"हे पहिल्याच मंगळवारी का नाही सांगितलंत? कापड आणायच्या आधी बटणं लावत बसलात."

खरंच होतं. नमनालाच घडाभर तेल जाळणारी बाई मी. दोन मंगळवार लोकांना रडवलं, आणि ज्याच्यामुळे रडं थांबतं तेच ठेवलं शिंक्यावर.

त्यानंतर मास्तर अकरा दिवस होते. "प्रभू, मलाही उठव," एवढीच प्रार्थना करायचे. माझ्या प्रार्थनेत ते हमखास झोपी जात.

शेवटल्या गुरुवारी त्यांची मोठी बहीण आली आणि उशाशी बसून रडू लागली. मी घसा खाकरला. "ताई, फार वर्षांपूर्वी एका लहानशा गावात..."

"थांबा हो वहिनी," मास्तर म्हणाले. "ताई, तो मेला होता, तो उठलाय. मी त्याच्याकडे चाललोय. रडू नकोस." मग दम घेऊन माझ्याकडे वळले. "हं. आता सांगा तुमचं गाव."