जोम-रेचं पातं

समजा, तुमच्या डाव्या हातात शेवाळाच्या मादी तंतूंची बाटली आहे आणि उजव्या हातात नराची. दोन्ही निवडक पानांच्या बीजाणूंपासून वर्षभर लाल दिव्याखाली वाढवलेले, म्हणजे वेळेआधी फळाला येऊ नयेत. आता ते एकत्र करायचे, मिक्सरमधून क्षणभर फिरवायचे, सुतळीवर फवारायचे आणि सात महिने समुद्रावर भरवसा ठेवायचा. निवड चुकली तर ती मे महिन्यात कळते, साऱ्या गावासमोर.

गप-सुन हे काम एकवीस वर्षं करत होती. वान्दोकडच्या या बेटावर दाशिमाची, म्हणजे खायच्या लांब समुद्री शेवाळाची, शेती करणारे सगळे तिच्याच शेडमधलं बी न्यायचे. मग तिच्याकडे बाटल्या धुणाऱ्या जोम-रेने वेगळी शेड थाटली. यंदा गावाने ठरवलं, दोघींपैकी जिचा संकर सरस ठरेल, तिचंच बी पुढच्या वर्षी घ्यायचं.

समुद्रातल्या जागा चिठ्ठ्या टाकून मिळतात. जोम-रेला नेमकी चांगल्या ओढीच्या पाण्यातली जागा लागली. किमचीसाठी कोबीला मीठ चोळताना बायकांमध्ये गप-सुनचं एकच पालुपद: तिचं बी कसलं, पाणी वाढवतंय त्याला. जोम-रेने दोनतीनदा ऐकून घेतलं.

"ताई, तुमच्या चार सुतळ्या माझ्याच दोराला बांधा की," ती म्हणाली. "मग पाण्याला दोष नको."

बायका हसल्या. नाही म्हणायची सोय उरली नाही.

मे महिन्यात दोर वर ओढला तेव्हा गप-सुनची पाती अडीच मीटर भरली. शेजारची जोम-रेची साडेतीन, वर जाडही. गप-सुनने त्यातलं एक उजेडासमोर धरून भोक शोधलं, कीड शोधली. काही सापडेना. नावेवरचे लोक उगाच दुसरीकडे बघत राहिले.

"नर कुठला घेतलास?"

"तुमचाच," जोम-रे दबकत म्हणाली. "तुम्ही टाकून दिलेल्या ढिगातल्या एका पानापासून वाढवलेला. ते अरुंद, कडेने मुडपलेलं."

"मला विचारलं नाहीस?"

"दिला असतात?"

गप-सुनने पातं खाली ठेवलं. तो ढीग तिनेच निवडून बाजूला काढला होता. एकेक पान हातात घेऊन, पालथं करून पाहिलं होतं. आता जोम-रेला विचारायचं म्हणजे तिच्यापुढे शिकाऊ होऊन बसायचं. तेवढं तिच्याने होईना, आणि प्रश्न काही डोक्यातून जाईना: त्या मुडपलेल्या पानात हिला असं काय दिसलं, जे मला दिसलं नाही?