पाकिटं न फोडलेले अंक

अग्निशमन दलात एकतीस वर्षं बंब चालवला, म्हणून त्यांना सगळे बंबकाका म्हणत. डोकं कायम तापलेलं असे, हे दुसरं कारण. चहा गार आला तरी पारा चढे, दाराची बिजागरी करकरली तरी चढे. घरच्यांच्या ते अंगवळणी पडलं होतं. पण निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी ते जे भडकले, ते भडकणं निराळं होतं.

बावीस वर्षं त्यांच्याच गाडीवर असलेला जोडीदार एका कोल्ड स्टोरेजच्या आगीत गेला. दोन पत्र्यांच्या मध्ये फोम भरलेल्या भिंती, छतही तसंच. बाहेरून ज्वाळा दिसत नव्हत्या, धूरही बेताचाच. तो पाण्याची नळी घेऊन आत शिरला आणि अख्खं छत अंगावर आलं. चार महिन्यांनी चौकशीचा अहवाल निघाला. त्यात लिहिलं होतं, ‘मयत कर्मचाऱ्याने पुरेशी खबरदारी न घेता आत प्रवेश केला.’ म्हणजे मुख्यालयातल्या हुतात्म्यांच्या फलकावर त्याचं नाव लागणार नव्हतं.

जोडीदाराच्या बायकोने तो कागद काकांपुढे ठेवला. “भावजी, खरं सांगा. चूक त्यांची होती?”

“त्याची?” काका उभेच राहिले. “वहिनी, तो बुटाची नाडी दोनदा तपासल्याशिवाय गाडीत चढत नसे!”

दुसऱ्या दिवशी ते मुख्य अधिकाऱ्यांसमोर जाऊन उभे राहिले. साहेब शांतपणे म्हणाले, “असं छत काही कळायच्या आत कोसळतं, याला आधार काय? भावनेवर अहवाल बदलत नाहीत, काका.”

आधार शोधायचा तर कुठे? काकांनी जन्मात अर्ज आणि ड्यूटीचा तक्ता यापलीकडे फारसं वाचलं नव्हतं. त्यांची सून एका कॉलेजात ग्रंथपाल होती. ती म्हणाली, “बाबा, अग्निशमनाची वेगळी जर्नल्स निघतात. जगभरातल्या आगींवर तुमच्यासारखेच लोक त्यांत लिहितात. बघू या.”

तीन संध्याकाळी ती कॉम्प्युटरसमोर बसली आणि काका तिच्या मागे येरझाऱ्या घालत राहिले. चौथ्या दिवशी लेख सापडला. फोमच्या भिंतींच्या इमारतींवरचा, अकरा वर्षांपूर्वीचा. पण पडद्यावर नुसतं शीर्षक आणि चार ओळींचा गोषवारा. पुढचं कुलूपबंद.

“हे काय? दुकानाची पाटी दाखवायची आणि शटर खाली?” काका कडाडले.

“थांबा हो. प्रकाशन बंद पडलंय, पण छापील अंक कुठेतरी असतील.” तिने ग्रंथालयांची एकत्रित यादी उघडली, बोट खाली सरकवत नेलं आणि एकदम थबकली. “बाबा, सगळ्यात जवळचा संच तुमच्याच दलाच्या प्रशिक्षण केंद्रात आहे.”

काकांनी तिथे रीतसर अर्ज दिला. महिन्याने दोन ओळींचं उत्तर आलं, ‘सदर नियतकालिक या केंद्रात उपलब्ध नाही.’ खाली केंद्रप्रमुखांची सही.

ते उत्तर आणि यादीची छापील प्रत घेऊन सासरा-सून केंद्रात पोचले. केंद्रप्रमुख म्हणाले, “नाही म्हटलं ना! आणि असतं तरी बाहेरच्यांना देता येत नाही.”

“बाहेरचा? मी?” काकांचा आवाज मैदानातल्या कवायतीपर्यंत गेला. “तुम्ही इथे शिकायला आलात तेव्हा शिडी कशी धरायची ते कुणी दाखवलं होतं?”

दारात उभ्या असलेल्या कारकून बाईंना राहवलं नाही. “साहेब, ते अंक येत होते की. बंद पडेपर्यंत दरवर्षी वर्गणीचं पत्र मीच टाइप करायचे.”

“मग गेले कुठे?” सुनेने विचारलं.

बाईंनी सभागृहातल्या ढाली आणि करंडकांच्या कपाटाकडे बोट केलं. खालचा कप्पा उघडला तर आत गठ्ठे. टपालाने आले तसेच, चिकटवलेल्या खाकी पाकिटांत. एकही फोडलेलं नव्हतं.

काका जमिनीवर बसले. सुनेने शिक्क्यांवरच्या तारखा पाहत हवं ते पाकीट शोधलं आणि काकांनी ते टरकावलं. लेखासोबत आकृती होती. फोम आतल्या आत जळत जातो, पत्रे सुटतात, छत आवाज न करता खाली येतं. एकच खूण म्हणजे सांध्याजवळ पत्र्याला येणारा फुगवटा. तो दिसला की कुणीही आत जाऊ नये.

“रोजच्या धबडग्यात वाचायला वेळ कुणाला असतो, काका?” केंद्रप्रमुख पुटपुटले.

“वेळ त्याला मिळाला नाही, साहेब. तुम्हाला अकरा वर्षं मिळाली.”

लेखाची प्रत, कपाटाचे फोटो आणि ‘उपलब्ध नाही’ हे सहीचं उत्तर, सगळं चौकशी समितीकडे गेलं. सात आठवडे काका रोज मुख्यालयाच्या बाकावर जाऊन बसत. कुणी पाणी विचारलं तरी खेकसत. जी खूण दलाने कधी शिकवलीच नाही ती न ओळखणं ही जवानाची चूक नव्हे, असं समितीने मानलं आणि शेवटी अहवालातली ती ओळ रद्द झाली. नाव फलकावर लागलं. पाकिटं न फोडणाऱ्यांवर मात्र एक ठपका नाही.

काकांनी नवा अहवाल वहिनींना नेऊन दिला. त्यांनी तो वाचला, मग लेख वाचला, आकृतीवरून बोट फिरवलं. “म्हणजे हे आधीच ठाऊक होतं?”

“छापून आलेलं होतं. आपल्याच कपाटात होतं.”

“मग मला आता जास्तच राग येतोय, भावजी.”

आपल्यापेक्षा जास्त संतापलेलं माणूस काका पहिल्यांदाच पाहत होते.

फलकाच्या समारंभाला वहिनी गेल्या नाहीत. सुनेकडून त्यांनी आकृतीच्या मोठ्या प्रती काढून घेतल्या. काकांना सोबत घेऊन एकेका फायर स्टेशनवर गेल्या आणि गाड्या जिथून बाहेर पडतात तिथे भिंतीला स्वतःच्या हाताने खळ लावून त्या चिकटवल्या. परवानगीचं कुणी विचारलंच तर त्या नुसत्या त्याच्याकडे बघत, आणि तो मुकाट्याने बाजूला होई. दोन दिवसांत नऊ स्टेशनं झाली.

शेवटच्या स्टेशनवर जवान आकृतीभोवती गोळा झाले. एकाने विचारलं, “म्हणजे फुगवटा दिसला की मागे फिरायचं?”

“फिरायचं!” काका गरजले. “आणि का फिरलास असं कुठल्या साहेबाने विचारलं, तर त्याला माझ्याकडे पाठवायचं.”