एकच नॅपकिन

ओल्या, आंबूस नॅपकिनचा वास आला की मला गोत्रीतलं ते निवासी केंद्र आठवतं. आई गेल्यावर माझ्या गतिमंद थोरल्या भावाला मी तिथे ठेवलं होतं. एका रविवारी खंडेराव मार्केटमधून त्याच्या आवडीचे चिकू घेऊन गेले, तेव्हा जेवणं नुकतीच उरकली होती आणि दहा-बारा मोठी माणसं भिंतीला टेकून ओळीने बसली होती. सांभाळणारी बाई एकाच नॅपकिनने सगळ्यांची तोंडं पुसत येत होती. पहिल्याची डाळ दुसऱ्याच्या गालाला, दुसऱ्याची लाळ तिसऱ्याच्या ओठांना. शी! माझा भाऊ घरी दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणीसुद्धा प्यायचा नाही. त्याची पाळी आली, तशी त्याने डोळे मिटले आणि आपणहून तोंड पुढे केलं. "जुओ बेन, केवो डाह्यो थई गयो!" बाई गुजरातीत कौतुकाने म्हणाली. शहाणा झाला म्हणे, पन्नाशीचा माणूस! आणि मी हसून मान डोलावली. त्याला घरी आणायला मला त्यानंतरही तीन महिने लागले. आता त्याचा स्वतःचा नॅपकिन आहे, वेगळ्या खुंटीवर. पण जेवण झालं की तो अजून भिंतीला टेकून बसतो, डोळे मिटतो आणि तोंड पुढे करतो.