खुर्चीवरचं कोरियन प्रशासन

आमच्या अमरावतीच्या वाचनालयात बोलायला मनाई आहे, म्हणूनच तिथे इतके किस्से साठतात. बोलक्या माणसांना गप्प बसवलं की ती काहीतरी करत बसतात. मी मुळातच बोलत नाही. मी बघत बसते. सध्या नववीत आहे, आणि शाळा सुटल्यावर रोज तिथे जाते.

*

अकोल्याचे एक प्राध्यापक सर आणि त्यांच्या पत्नी, त्याही प्राध्यापक बाई, मुलीकडे कायमचे राहायला गेले, तेव्हा त्यांनी आपली पुस्तकं आमच्या वाचनालयाला दिली. सगळी इंग्रजी, जाडजूड. सरांची पुस्तकं पेशींवरची: रक्तातल्या वेगवेगळ्या पेशी केसाएवढ्या बारीक नळ्यांतून नेऊन एकमेकींपासून वेगळ्या कशा करायच्या. बाईंची होती कोरियातल्या सरकारी कारभारावर.

आमच्या ग्रंथपाल वानखडे काकू कपाटासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी कोरियाला प्रवासवर्णनांत बसवलं आणि पेशींना घरगुती औषधांच्या शेजारी.

"काकू, हे चुकीचं नाही का?" मी हळूच विचारलं.

"चुकीचं हाय ना!" काकू म्हणाल्या. "पण विचाराले येतं कोण?"

*

खरंच कोणी आलं नाही. आले ते गजूभाऊ.

गजूभाऊ स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात, बहुतेक मी पाचवीत होते तेव्हापासून. आमच्या अभ्यासिकेत खुर्चीवर पुस्तक ठेवलं की जागा आपली, अगदी एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात तशी. अडचण एकच. गजूभाऊ चहाला गेले की त्यांचं चालू घडामोडींचं पुस्तक कोणीतरी वाचायला उचलायचं आणि जागाही जायची. मग त्यांना कोरिया सापडला. त्याला कोणी हात लावत नाही! आठवड्याभरात बाकीच्यांनीही तेच केलं आणि अभ्यासिकेतल्या निम्म्या खुर्च्यांवर कोरियाचा कारभार सुरू झाला. कोरिया संपला तेव्हा पेशी लागल्या.

एकदा गजूभाऊ चहा पिऊन आले आणि मनाईची पाटी विसरून दारातूनच ओरडले, "माह्या कोरियावर कोण बसलं बे?"

*

पेशींचं पुस्तक मी पहिल्यांदा पाहिलं ते असंच एका खुर्चीवर. सहज उघडलं. आत एक चित्र होतं. गर्दीतल्या पेशी एका बारीक वाटेने एकामागून एक येतात आणि जिची तिची वाट आली की वळतात. कोणी कोणाला ढकलत नाही. मला ते इतकं आवडलं की पुस्तक घेऊन मी कोपऱ्यात जाऊन बसले.

इकडे गजूभाऊंची जागा गेली.

"तू वाचून राहिली?" त्यांनी मला शोधून काढलं. "अवो पोरी, हे पुस्तक वाचाचं नाई, ठेवाचं हाय!"

मी पुस्तक सोडलं नाही. शेवटी तोड त्यांनीच काढली. ते चहाला गेले की त्यांच्या खुर्चीवर बसून मी वाचायचं. तेव्हापासून गजूभाऊंचा चहा लांबला. माझं वाचन चहाबरोबर सुरू व्हायचं आणि चहाबरोबर बंद!

*

इंग्रजी अवघड होतं. एका शब्दासाठी शब्दकोश उघडायचा, त्यातला अर्थ कळेना म्हणून त्या अर्थाचा अर्थ बघायचा. दिवाळीत मोर्शीला मामाकडे गेले. तिथे संत्री निवडायचं मशीन आहे. संत्री रुळांवरून पुढे सरकतात, रुळांमधली फट वाढत जाते, लहान आधी खाली पडतात, मोठी नंतर. पुस्तकातल्या एका पानापाशी मी महिनाभर अडकले होते. ते पान माझ्यासमोर धडधडत होतं!

"काय पाहून राहिली इतकं?" मामाने विचारलं.

"रक्त," मी म्हणाले.

मामाने मला उचलून सावलीत नेलं आणि मामीला ओरडून सांगितलं, "लिंबूपाणी आण वो, पोरीले ऊन लागलं!"

*

गजूभाऊंनी कोरिया उघडला नाही, पण वापरला. अकोल्याला त्यांची सरावाची मुलाखत होती. जिल्ह्याचा कारभार कसा सुधाराल, असं समोरच्या दोघांनी विचारलं. गजूभाऊ शांतपणे म्हणाले, "सर, कोरियात याचा फार वेगळा विचार झालेला आहे."

"मंग?" आम्ही विचारलं.

"मंग काय! त्याइले बी माहीत नव्हतं, मले बी माहीत नव्हतं. आम्ही तिघंही मान हलवत होतो."

*

आणि मग वार्षिक सभा आली. कपाटं भरली होती, म्हणून ठरलं की जी पुस्तकं कोणीच वाचत नाही ती रद्दीत द्यायची. ज्याला एखादं ठेवायचं असेल त्याने सभेत उभं राहून सांगायचं. म्हणजे सगळ्यांसमोर! मी घरी आरशासमोर एकच शब्द घोकला होता.

अध्यक्ष काकांनी पुस्तक वर धरलं. "हे पेशीचं कोणी वाचते का?"

"मी," मी उभी राहिले.

"वा! कधीपासून?"

"वर्ष झालं."

"कुठवर आलं?"

"पहिलं प्रकरण."

सभा हसली. काकूसुद्धा पदराआड हसल्या.

"म्हणजे पहिलं झालं?"

"नाही. चालू आहे."

आता तर मागचे लोक बाकं बडवायला लागले. अध्यक्ष काकांनी चष्मा काढला. "बेटा, मंग पुरं कधी होईन?"

इथवरची तयारी मी केलीच नव्हती. "काका, सभा दरवर्षी होते ना? तुम्ही दरवर्षी विचारा. मी दरवर्षी उभी राहीन."

हसणं थांबलं. अध्यक्ष काकांनी चष्मा परत घातला, पुस्तक काकूंकडे दिलं आणि म्हणाले, "ठेवा हे." मग त्यांनी दुसरं पुस्तक उचललं. "अन् हे कोरियाचं?"

मग मागच्या बाकावरून गजूभाऊ उठले. शर्ट नीट केला, घसा खाकरला.

"अध्यक्ष महोदय, हे मी वाचून राहिलो."

"तू? कुठवर आलं?"

गजूभाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"पहिलं प्रकरण!"