दूध सोडलेली जिजी

दूध उतू जायला लागलं की सुरतेतल्या आमच्या गोडादऱ्याच्या चाळीत सगळ्यांत आधी जिजी धावायची. थेंब वाया गेलेला तिला खपत नसे. स्वतः मात्र दूध, दही, ताक काही ओठाला लावायची नाही. मुलगा भाऊसाहेब लहानपणी मुदतीच्या तापानं फणफणला, तेव्हा गडावरच्या देवीला नवस बोलून तिनं दूध सोडलं होतं. पोरगा वाचला. मग काय बिशाद कुणाची तिला दूध पाजायची.

दिवसभर साड्यांवर टिकल्या चिकटवत बसायची. वाऱ्यानं टिकल्या उडतात म्हणून दार-खिडकी बंद. अंगाला ऊन म्हणून नाही. पाठ धरली की म्हणायची, "जी पाठ काम करस, ती दुखसच." आम्हालाही ते पटायचं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिची साडी जमिनीवर लोळायला लागली. जिजीनं कापडाच्या रुंदीवरून गिरणीवाल्यांनाच दोष दिला, "सुरतमा आते पन्हा वाढी गया." भाऊसाहेब लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, साड्यांचंच कापड विणायचा. जेवता जेवता त्याचा हात थांबला. "आई, पन्हा तोच आहे. मीच विणतो ना." साडी वाढली नव्हती, जिजीच खुजी झाली होती.

डॉक्टरांनी फोटो काढला. हाडं आतून विरळ झालीत, मणके दबताहेत, आता पडलात तर खुबा मोडेल, म्हणाले. दूध घ्या. जिजी हटली नाही. "दूध पिसू नि मना पोरले काही व्हयनं मंग?" डॉक्टर समजूतदार. त्यांनी नागली म्हणजे नाचणी, तीळ, सकाळचं ऊन, रोजचं चालणं आणि गोळ्या सांगितल्या. "या गोयीमा दूध ते नही ना?" असं दोनदा विचारून मगच तिनं गोळ्या घेतल्या.

पण फार उशीर झाला होता. मोरीत पाय घसरला आणि खुबा गेलाच. भाऊसाहेब खाटेशी बसून विनवायचा, "आई, मी बाप झालो आता. देवीला मी समजावतो." ती तोंड फिरवायची. मला तिचा संताप यायचा, आणि घरी येऊन रडूही यायचं.

त्याच दिवसांत नातीला ताप भरला. सून विमल खाटेपाशी येऊन म्हणाली, "आई, मीपण दूध सोडते." जिजीनं मला पेलाभर दूध आणायला सांगितलं. मला वाटलं, अखेर पिणार. तिनं पेला विमलच्या हातात दिला. "मी सोडं ते सोडं. तू सोडू नको. पोरले दवाखानामा लई जा, पन पहिले हाई पे, मना समोर."

विमल रडत रडत प्यायली. पेला रिकामा होईपर्यंत जिजीनं तिचं मनगट सोडलं नाही.