आईला सोलापुरात जपान खाऊ घातला त्याची गोष्ट

जपानला जायचं की नाही हे ठरवायला मी सोलापूरला गेलो, असं सांगितलं की लोक हसतात. पण झालं तसंच. मी पुण्यात एका दवाखान्यात ब्रदर आहे. जपानमधल्या एका वृद्धाश्रमात तीन वर्षांची नोकरी मिळत होती आणि सोमवारपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. आई वैरागला एकटी राहते, अंगणवाडीत मदतनीस आहे. फोनवर तिला हे सांगितलं तेव्हा तिनं एकच विचारलं, "तितं खाशील काय?"

मग मला शहाणपण सुचलं. सोलापुरात एक 'पॅन-एशियन', म्हणजे जपानी, थाई असं सगळं मिळणारं हॉटेल निघालंय असं ऐकलं होतं. तिथे तिला जपानी जेवण खाऊ घालू, म्हणजे तिचा जीव भांड्यात पडेल.

शनिवारी रात्री वैरागला पोचलो आणि रविवारी सकाळी आईला घेऊन एसटीनं निघालो. वैराग ते सोलापूर वाटेतल्या वडाळा गावावरून सव्वा-दीड तास लागतो, बायकांना अर्धं तिकीट. जाणार असाल तर डावीकडची खिडकी धरा, सकाळचं ऊन मात्र सोसावं लागेल. आई रस्ताभर ज्वारी बघत होती आणि कुणाची कणसं भरलीत ते मला सांगत होती. मी नुसता हं हं करत होतो. तिला जेवण आवडलं नाही तर काय, एवढंच डोक्यात होतं.

हॉटेल सात रस्ता चौकाजवळ आहे. दारातच बुद्धाची पुरुषभर उंच मूर्ती, मागे निळे दिवे. आम्ही बौद्ध. आईनं चपला काढल्या, पदर सावरला आणि तिथेच फरशीवर गुडघे टेकून तीनदा प्रणाम केला. मागे एक कुटुंब सेल्फीसाठी खोळंबलं होतं. मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून स्वतःचा रागही आला.

उठताना आईला दिसलं की मूर्तीच्या मांडीवर दोन हेल्मेटं ठेवलीत.

"बाई, ही कुणाची हायत?" तिनं वेटर बाईंना विचारलं.

"गिऱ्हाइकांची हायत, मावशी. ठेवायला जागाच न्हाय की."

आईनं दोन्ही हेल्मेटं उचलली, काउंटरजवळच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली. "आता हाय की जागा," म्हणाली आणि अनवाणीच टेबलाशी येऊन बसली. चपला तिनं दारातच ठेवल्या होत्या, पाया पडायच्या जागी तशाच ठेवतात म्हणून.

आता जेवणाचं. रामेन हे जपानी सूप मागवलं, तर गोडसर लाल पाण्यात शेवयांचा गठ्ठा आला, वर कोबी. थाई करी म्हणजे कोमट खीर, त्यात ढबू मिरची. आणि हॉटेलची खासियत म्हणून सुशी, गार भाताची वळकटी आणि वर चक्क आपली शेंगाची चटणी. चटणीलाही खवट वास. दोघांचं बिल नऊशेच्या घरात गेलं.

आईनं एक घास खाल्ला, दुसरा चघळत बसली. "चटनी घालायला नको हुती," एवढंच म्हणाली आणि ताट बाजूला सारलं. अंगणवाडीतल्या पोरांच्या ताटातलं शीतही वाया जाऊ न देणारी ही बाई. तिनं ताटात अन्न टाकलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

"आई, खरं जपानी जेवान असलं नसतं."

"तू खाल्लंयस?"

"न्हाय."

"आन् तितं बी भगवंताच्या मांडीवर हेल्मेट ठेवत्यात?"

"न्हाय गं. तितं लई मोठाली विहारं हायत."

"बघितलीस?"

"फोटोत."

मग हळूच म्हणाली, "भ्या वाटतंय व्हय रं तुला?"

मला वाटत होतं मी तिला धीर द्यायला आणलंय. खरं तर तिनं 'आवडलं' म्हणावं आणि माझी भीती जावी, एवढ्यासाठी हा खटाटोप होता. भाषा येत नाही, माणूस ओळखीचं नाही, आणि ती इकडे आजारी पडली तर? मी मान हलवून हो म्हणालो.

परतीच्या एसटीतही ती ज्वारीच बघत होती.

घरी आल्यावर तिनं चूल पेटवली, परात माझ्यापुढे सरकवली, पीठ मळून दिलं आणि म्हणाली, "थाप."

हॉटेल कसं आहे असं विचाराल तर जाऊ नका. पण त्या जेवणातून भूक तेवढी घेऊन आलो होतो, आणि ती कामी आली. पहिली भाकरी उचलतानाच फाटली, तव्यावर टाकताना दुमडली. एका बाजूनं करपली, दुसऱ्या बाजूनं पांढरी राहिली.

"कच्ची हाय, टाक ती," मी म्हणालो.

आईनं ती आपल्या ताटात घेतली. घरच्या शेंगाच्या चटणीबरोबर शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली, ताट बोटानं पुसून घेतलं. मग पुढचा गोळा माझ्या हातात देत विचारलं, "इमानात पीठ किती किलू नेऊ देत्यात?"