ताटलीवरचे ठोके

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही – नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय, तेही मला नीट माहीत नाही.

दिग्रसची आमची शाळा, नववीचा वर्ग. हिवाळ्यात जिनिंगच्या कारखान्याकडून कापसाचे तंतू उडत यायचे आणि व्हरांड्यात आमच्या वेण्यांना चिकटायचे. काय दिवस होते ते! प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, तेही कुलपातलं. पण सर हौशी. फरशीवर खेळण्याएवढी चालती गाडी सोडायची, एकीने ताटलीवर चमच्याने ठोके द्यायचे, दुसरीने प्रत्येक ठोक्याला गाडी असेल तिथे खडूने खूण करायची. खुणांमधलं अंतर सारखं आलं, की वेग एकसमान. एवढ्यावर आमची अख्खी दुपार मजेत जायची.

गाडी रुबिनाची. माझी जिवलग मैत्रीण, मेकॅनिकची पोर. जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर लावून तिने ती स्वतः बनवली होती. कशी चालायची! अडखळणं नाही, घाई नाही. यवतमाळच्या विज्ञान प्रदर्शनाला दोघींपैकी एकच जाणार होती. माझा प्रयोग म्हणजे तेलाच्या नळीतून वर चढणारा बुडबुडा. बरा होता. नुसता बरा. मला तिचा हेवा वाटायचा – खूप.

निवडीच्या दिवशी सरांसमोर तिची गाडी सुटली तेव्हा ताटली माझ्या हातात होती. माझा ताल पक्का, सगळेच म्हणायचे. आणि मी – कसं सांगू? – शेवटचे ठोके लांबवले. जरासेच. मुद्दाम. खुणा फाकत गेल्या.

“रुबिना, तुही गाडी शेवटी पळून राह्यली वं,” सर म्हणाले. त्यांनी पुन्हा सोडायला लावली. मी पुन्हा तेच केलं. सगळे गाडीकडे बघत होते. ठोक्याकडे कोण बघतं?

यवतमाळला मी गेले. परत आले तरी रुबिना गाडी खोलून बसलेलीच. “मले खोट सापडूनच नाही राह्यली,” म्हणायची. मी शेजारी बसून तिचे स्क्रू धरत होते. मग एक दिवस तिने मोटर काढून वडिलांना परत दिली. त्यानंतर तिने काही बनवलेलं मी पाहिलं नाही.

आता त्याच व्हरांड्यात मी शिकवते. यंदा नववीत रुबिनाची मुलगी आहे. परवा मी ताटली हातात घेतली, तशी ती खडू घेऊन उकिडवी बसली आणि हसून म्हणाली, “मम्मी म्हणते, गाडीवर भरोसा नको ठेवू, टीचरच्या ठोक्यावर ठेव.”

मी मान हलवली. आणि पहिला ठोका दिला.